किट बदलू का?

“सर, घरचं इलेक्ट्रॉनिक ड्रम किट आता अपुरं पडतंय, मोठं घेऊ का?” शिकणारी मुलं विचारतात, त्यांचे आईवडीलही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा पहिला प्रश्न असतो, वाजवताना अडतं कुठे? “आवाज आवडत नाहीत” एवढंच कारण असेल, तर पैसे राहू द्या. किटला यूएसबी असेल तर ते लॅपटॉपला जोडा. पॅडवरचा ठोका मिडीच्या, म्हणजे कोणतं पॅड किती जोरात वाजलं हे सांगणाऱ्या संदेशाच्या, रूपात आत जातो आणि सॉफ्टवेअरमधले, स्टुडिओत रेकॉर्ड केलेले ड्रम वाजतात. विंडोजवर मात्र एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर) वापरा, नाहीतर स्टिक आधी पडते आणि आवाज मागून येतो. अशा उशिरा येणाऱ्या आवाजावर लयीचा सराव करूच नये.

हातापायाला अडत असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते बहुतेक वेळा हाय-हॅटपाशी, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या सिंबलच्या जोडीपाशी, अडतं. स्वस्त किटमध्ये रॅकवर एक पॅड घट्ट बसवलेलं असतं आणि पेडल खाली सुटं. पाय कितीही दाबा, पॅड जागचं हलत नाही. खऱ्या हाय-हॅटवर पाय दाबला की वरचं सिंबल खालच्यावर बसतं आणि स्टिकला ते लगेच कळतं. अर्धवट उघडा हाय-हॅट पाय त्यातूनच शिकतो. म्हणून स्टँडवर बसणाऱ्या हाय-हॅटसाठी पैसे मोजायला मी आनंदाने सांगतो. फक्त तुमच्या मॉड्यूलला (पॅड जोडलेल्या, आवाज काढणाऱ्या डब्याला) तो चालतो का, हे आधी मॅन्युअलमध्ये बघा. चालत नसेल तर मग किट बदलण्याला अर्थ आहे. रोलंडच्या टीडी-17केव्हीएक्समध्ये असा हाय-हॅट मिळतो, शिवाय स्नेअर (ठेक्याचा मुख्य, मधला ड्रम) 12 इंची. त्यांच्याच टीडी-1केव्ही किटच्या 8 इंची स्नेअरवरून आलेल्या हाताला रिमशॉट (कडा आणि पॅड एकदम वाजवणारा फटका) एकदम मोकळा वाटतो.

स्नेअरबद्दल घाई नको. डाव्या हाताची स्टिक इंचभर उंचीवरून नुसती सोडा. घोस्ट नोट, म्हणजे असा अगदी हलका ठोका, ऐकू येत नसेल तर मॉड्यूलमध्ये सेन्सिटिव्हिटी वाढवा, थ्रेशोल्ड (किती हलक्या ठोक्यापासून आवाज काढायचा ती मर्यादा) थोडा खाली आणा. फार खाली नेलात तर टॉमवर मारल्यावर स्नेअर वाजेल, तिथून एक पायरी मागे या. कितीतरी किट मी एवढ्यावरच वाचलेली पाहिली आहेत!

आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालच्या घराचा विचार करा. मेश (जाळीच्या) पॅडचा आवाज खोलीत राहतो, पण किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमचा, हादरा स्लॅबमधून खाली जातो. प्लायवूडच्या दोन फळ्या आणि मध्ये अर्धे कापलेले टेनिस बॉल, असा चौथरा किटखाली घातला की तो बराच कमी होतो. बीटर (किकवर आदळणारा दांडा) नसलेल्या पेडलवरून बीटरवाल्याकडे जाताना हा चौथरा आधी करा.

दुकानात जाताना स्वतःच्या स्टिक न्या. विक्रेता एकामागून एक किटचे आवाज ऐकवेल, तिकडे लक्ष देऊ नका. हाय-हॅट अर्धा उघडा ठेवून साधा ठेका धरा, घोस्ट नोट्स टाका, आणि पाय काय म्हणतो ते बघा.