तुम्ही विचारलंत म्हणून: अजून फाइव्ह-यूच का?

माझ्याकडे मॉड्युलर सिंथेसायझर (सुटी मॉड्यूल्स केबलींनी जोडून आवाज घडवायचं विजेवरचं वाद्य) आहे, तेही फाइव्ह-यू या मोठ्या मापाचं, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: सगळं जग युरोरॅक या छोट्या मापावर गेलं, तुम्ही ही भलीमोठी कपाटं का सांभाळताय? काहीजण कौतुकाने विचारतात, बहुतेकजण कीव आल्यासारखं. आजवर ‘आवडतं म्हणून’ एवढं बोलून वेळ मारून नेली. आता सविस्तर सांगतो.

जे मान्य करायचं ते आधीच करून टाकतो. जर्मनीच्या डिटर डोपफर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर ए-१०० हा मॉड्युलर आणला, युरोरॅकचं माप त्यातूनच आलं. १२८.५ मिलिमीटर उंचीचं पॅनल, ३.५ मिलिमीटरचे जॅक, उणे-अधिक १२ व्होल्ट. हे गणित इतकं सोयीचं होतं की जगभरचे छोटे छोटे उत्पादक त्यात उतरले. माझं फाइव्ह-यू पॅनल मूग या जुन्या अमेरिकी सिंथेसायझरच्या मापाचं, २२ सेंटिमीटर उंच, आणि जॅक गिटारला असतात तसे पाव इंची. जागा खातं, महाग पडतं. कुठे वाजवायला जायचं तर लोकलने नेता येत नाही, टेम्पो करावा लागतो. हे मला ठाऊक आहे, दर वेळी नव्याने सांगायला नको.

जुन्याचं वेड म्हणाल तर तेही नाही. १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी जो मूग उभा केला, ज्यावर गीता साराभाई आणि अतुल देसाई यांच्यासारख्या संगीतकारांनी काम केलं, तो याच मापाचा. मला त्याचा अभिमान वाटतो. पण अभिमानापायी कुणी घरातली एक अख्खी भिंत अडवत नाही.

खरं कारण एक फिल्टर, म्हणजे आवाजातला काही भाग गाळणारं मॉड्यूल, आहे. युरोरॅकचा. त्याचा आवाज मी एका मित्राकडे ऐकला होता आणि तसा आवाज दुसऱ्या कशातून निघत नव्हता. बरेच महिने पैसे बाजूला टाकून तो परदेशातून मागवला. मॉड्यूलला वीज देणाऱ्या रिबन केबलची लाल कडा उणे बारा व्होल्टकडे, हा नियम तुम्हाला पाठ आहे, मलाही होता. बोर्डावर ‘-१२’ स्पष्ट छापलेलं होतं, लाल कडा तिथेच लावली, दोनदा पाहिलं. कनेक्टरभोवती कडं नव्हतं, त्यामुळे केबल दोन्ही बाजूंनी बसू शकत होती. स्विच दाबला. शेजारच्या मॉड्यूल्सचे दिवे मंदावले आणि मागून करपल्याचा वास आला. बंद करून बाहेर काढलं तर एका आयसीच्या (चिपच्या) पाठीवर फोड आलेला. मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं, बोर्डावरची छपाईच उलटी होती. बनवणाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तर सभ्य होतं: हो, त्या लॉटमध्ये चूक झाली आहे, तुमच्या खर्चाने परत पाठवा, बघतो. जाण्यायेण्याचं भाडं आणि कस्टम धरून नवा आला असता. मग म्हटलं आपणच दुरुस्त करू. सर्किटचा नकाशा द्यायला त्याने नकार दिला. भिंगाखाली पाहिलं तर महत्त्वाच्या आयसींवरचे नंबर घासून काढलेले. पैशांचं दुःख ओसरलं. पण आपल्या पैशांची, आपल्या टेबलावर पडलेली वस्तू, आणि तिला सोल्डरचा साधा डाग देता येत नाही, याची चीड आजही येते.

फाइव्ह-यूतल्या ‘डॉटकॉम’ (सिंथेसायझर्स डॉट कॉम या कंपनीच्या) पद्धतीत पॉवरच्या सहा पिनांपैकी एकीची जागा मुद्दाम रिकामी ठेवतात, म्हणजे कनेक्टर उलटा बसू नये. माझ्या बोर्डांवरचे सुटे भाग बोटांनी धरता येतात, आयसी सॉकेटमध्ये बसवलेल्या आहेत. टीएल०७२ ही आयसी गेली तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून बदलतो आणि संध्याकाळी पुन्हा वाजवतो. नॉब एवढे ऐसपैस की केबलींच्या गर्दीतही हात बरोबर जातो.

पण माझ्यातलाच एक जुना युरोरॅकवाला इथे आडवा येतो. तो म्हणतो, दोष मापाचा कुठे होता? ए-१०० मध्येही साध्या मोठ्या भागांचे बोर्ड आहेत. म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने तर आपल्या मॉड्यूल्सचे नकाशे आणि कोडसुद्धा खुले केले, तेही युरोरॅकमध्येच. आणि फाइव्ह-यूत कुणी नंबर घासणार नाही याची हमी कोण देणार? यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच म्हणेन की १२८.५ मिलिमीटरच्या पॅनलमागे सगळं कोंबायचं म्हटलं की बारीक भागांकडे ओढा वाढतो आणि माझ्यासारख्याचा सोल्डरिंग गन धरलेला हात तिथे पोचत नाही. तो म्हणतो, हात सरावाने पोचतो. म्हणत असेल.

सर्ज या आणखी एका मॉड्युलर पद्धतीच्या बनाना केबलींचा मोह मलाही होतो, एकावर एक रचता येतात ही केवढी सोय! पण त्यांना परक्या कपाटाशी जोडायचं तर आधी दोन्हींचे ग्राउंड एक करा, तिथे माझं घोडं अडतं.

आणि माझ्याकडे युरोरॅकची एक ओळ अजूनही आहे, तुमच्यातल्या एकदोघांनी ती पाहिली आहे. पाव इंची ते ३.५ मिलिमीटर असं जॅकचं एक पॅनल बनवून घेतलंय, दोन्हीकडचे आवाज त्यातून ये-जा करतात. ती ओळ का ठेवलीय असं विचारलंत, तर त्यात म्यूटेबलचा रिंग्ज आहे, छेडलेल्या तारेसारखा घुमणारा. फाइव्ह-यूत मला तसं काही मिळालेलं नाही.