ज्याच्यासाठी देवदूत आला नाही

स्पेनमधल्या लिओन शहरातून पायी यात्रेला निघालो तेव्हा सॅकच्या बाजूच्या कप्प्यात एक दगड होता, भावाच्या कबरीजवळून उचललेला. जिथे येशूचा शिष्य याकोब याची कबर मानतात ते सांतियागो तिथून 300 किलोमीटरच्या थोडं वर. वाटभर पिवळे बाण आणि शिंपल्याच्या खुणा. बाणांमागून चालत राहायचं एवढंच काम, त्यामुळे मन मोकळं राहतं आणि पुन्हा पुन्हा भावाकडे जातं.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या वर्षी दोघं आजारी होते, माझा भाऊ आणि मंडळीतली एक बहीण. आजारही एकच. एकाच सभेत, एकाच रात्री आम्ही दोघांसाठी प्रार्थना केली. ती बहीण बरी झाली. भाऊ गेला. देवाने आपल्याला बरं केलं अशी साक्ष तिने मंडळीपुढे दिली त्या रविवारी सगळ्यांबरोबर मीही आमेन म्हटलं आणि घरी येऊन दार लावून घेतलं. देवाची प्रीती तिच्यावर होती, मग आमच्यावर? हे मी कुणालाच विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तरं मिळाली असती, आणि ती ऐकायची ताकद नव्हती.

चौथ्या दिवशी फोन्सेबादोन गावाच्या पुढे लोखंडी क्रूस लागला. साधारण 1,500 मीटर उंचीवर, उंच लाकडी खांबाच्या टोकाला छोटासा क्रूस, खाली यात्रेकरूंनी आणलेल्या दगडांचा ढीग. लोक तिथे दगड ठेवतात, रडतात, पुढे जातात. मी दगड काढला, हातात धरला, परत कप्प्यात टाकला. प्रार्थनाही आली नाही.

पुढे पायाला फोड, ओ सेब्रेइरोचा चढ, धुकं. ज्याच्या कबरीकडे निघालोय तो याकोब नीट कळावा म्हणून मुक्कामी बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक वाचायचो. बाराव्या अध्यायाशी थांबलो. हेरोद राजा याकोबाला तलवारीने मारतो. त्याबद्दल जेमतेम एक ओळ. मग पेत्र या दुसऱ्या शिष्याला धरून तुरुंगात टाकतो, मंडळी प्रार्थना करते, रात्री देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात. तोच अध्याय, तोच हेरोद, तीच मंडळी.

वाचून राग यायला हवा होता. उलट कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. पवित्र शास्त्राने काही सारवलेलं नाही, दोन्ही गोष्टी लागोपाठ ठेवल्यात. आणि याकोब काही परका नव्हता. येशूचं रूप पालटलं त्या डोंगरावर पित्याने त्याला आपला प्रिय पुत्र म्हटलं, ते ऐकणाऱ्या तिघांतला तो एक. येशूला धरून नेलं त्या रात्री गेथशेमाने बागेतही तेच तिघे जवळ होते. तिथे त्याच प्रिय पुत्राने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं, आणि प्याला टळला नाही. प्याला न टळणं म्हणजे प्रीती आटणं असेल, तर मला क्रूसाचाच अर्थ लागत नाही.

सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीखाली अरुंद पायऱ्या उतरतात. खाली चांदीची पेटी. याकोबाच्या अस्थी त्यात आहेत अशी परंपरा. गुडघे टेकले. भाऊ का गेला ते तिथेही कळलं नाही. पण कित्येक महिन्यांनी तोंडून 'बापा' अशी हाक निघाली, आणि ती रिकाम्या जागेत गेली असं वाटलं नाही. मागे रांग होती, उठावं लागलं.

दगड घरी आणून कबरीजवळ होता तिथेच ठेवला. त्याच आठवड्यात त्या बहिणीकडे गेलो आणि ती बरी झाली म्हणून, तिच्यासोबत बसून, पहिल्यांदा मनापासून देवाचे आभार मानले.