तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लॉग लिहू की एक्सवरच टाकत राहू?

टीममध्ये नवीन आलेलं पोर महिन्याभरात हे विचारतंच. परवा हिंजवडीत टपरीवर परत झालं, "दादा, ब्लॉग वाचतं कोण आता? एक्सवर टाकलं की बास ना?" पाऊस होता, फेज टूचं ट्रॅफिक तसंही हलत नव्हतं, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

२०१७चा डिसेंबर. तेव्हा ते ट्विटरच होतं आणि ट्वीटची मर्यादा १४० कॅरेक्टरवरून २८० नुकतीच झाली होती. आमच्या एका साइटवर मराठी नावं, पत्ते सगळं मस्त सेव्ह व्हायचं, पण कुणी हसरा इमोजी टाकला की एरर. कारण काय, तर मायएसक्यूएल या डेटाबेसचं जुनं यूटीएफएट (अक्षरं साठवायची पद्धत) अर्धवट आहे, एका कॅरेक्टरला जास्तीत जास्त ३ बाइट देतं, आणि आपली देवनागरी बरोब्बर ३ मध्ये मावते म्हणून आम्हाला इतकी वर्षं पत्ताच नाही. इमोजीला ४ लागतात. मी ऐटीत ट्वीट टाकलं, "यूटीएफएट सोडा, एमबीफोर करा." (एमबीफोर म्हणजे त्याचंच ४ बाइटवालं पूर्ण रूप.) लाइक्स आले, दिवसभर फोन उघडून बघत बसलो.

संध्याकाळी एका मित्राचा फोन. "तुझं वाचून केलं, मायग्रेशन अडकलंय!" मायग्रेशन म्हणजे जुना डेटा नव्या पद्धतीत नेणं, ते अडकणारच. मायएसक्यूएल ज्यात डेटा साठवतं त्या इनोडीबीच्या जुन्या फॉरमॅटमध्ये इंडेक्समधल्या (पटकन शोधायच्या यादीतल्या) कॉलमला ७६७ बाइटची मर्यादा. नेहमीच्या कॉलमची २५५ कॅरेक्टर गुणिले ३ म्हणजे ७६५, काठावर पास. गुणिले ४ केलं की १०२०, नापास. मग इंडेक्स १९१ कॅरेक्टरवर आणा नाहीतर रो फॉरमॅट (ओळी साठवायची रचना) बदला. हे मला माहीत होतं हो, आदल्या रात्री मीच त्यात दोन तास घातले होते! पण २८० मध्ये बसवताना नेमकं तेच उडवलं, कारण ते रटाळ होतं. (त्यात आपल्या भाषेची वेगळीच रड, 'स्त्री' हे एक अक्षर तिथे ६ कॅरेक्टर धरतात.)

रविवारी कोथरूडला घरी बसून ब्लॉगवर सगळं नीट लिहिलं, एररची ओळ जशीच्या तशी, आणि लिहिता लिहिता कळलं की रो फॉरमॅटचं मलाच धड कळलेलं नाही, म्हणून अख्खी दुपार मॅन्युअल वाचण्यात गेली. पुढच्या एप्रिलात मायएसक्यूएल ८.० आलं, त्यात एमबीफोर डिफॉल्टच. ब्लॉगवर वरती एक ओळ टाकून मोकळा झालो. ट्वीट मात्र एडिट होत नव्हतं, ते कुणीतरी मधूनच वर काढायचं आणि मी परत तेच समजावत बसायचो.

तरी एक्स सोड असं मी म्हणत नाही. "हा एरर कुणाला आलाय का" हे विचारायला तीच जागा, दहा मिनिटांत कुणीतरी सांगतं. फक्त जे दोन तास खाऊन सुटलंय ते तिथे टाकून विसरू नकोस, एवढंच.

पोरानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "दादा, याचा एक थ्रेड करा ना."

चहाचे पैसे त्यालाच द्यायला लावले.