टेप चालू होता, गाडी बंद होती

हरतालिकेचा दिवस. आमच्याकडे चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस गॅरेजवाल्याला जेवायला वेळ नसतो. मुंबई-ठाण्याहून निघालेल्या गाड्या रात्रभर हायवेला रखडून, खड्डे खाऊन नांदगाव तिठ्यावरून आत वळतात आणि देवगडात पोचेपर्यंत कुणाची क्लचप्लेट गेलेली असते, कुणाचा रेडिएटरचा पंखा, कुणाचा सायलेन्सर रस्त्याला घासत असतो. माझं गॅरेज जामसंड्याला, बावीस वर्षं झाली, मूळ काम ऑटो इलेक्ट्रिकचं, म्हणजे वायरिंग, सेल्फ, अल्टरनेटर, लाईटी.

साडेअकराला ओळखीच्या एकाचा फोन आला. "गाडी गडग्याक आपाटली हा, बारक्या पोराक लागला हा, जीप घेवन लवकर ये." मिठबावच्या बाजूला उतार आहे तिथे. हातातलं काम तसंच टाकून निघालो, बरोबर हाताखालचा मुलगा होता. पाऊस बारीक पण सारखा चालू.

गाडी २०१९ ची, पुढे दोन एअरबॅग असलेली. तोंड चिऱ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, घुसलेलं, बंपर फुटलेला, बोनेट वर आलेलं, रेडिएटरचं पाणी रस्त्यावरून लाल मातीत मिसळून व्हाळाकडे चाललेलं. माणसं बाहेर होती. चालवणारा चाळिशीचा, ठाण्याहून आलेला, त्याची बायको उजवं मनगट धरून उभी, आई पाठच्या दारात बसलेली आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांचा मुलगा, खालचा ओठ फाटलेला, शर्टावर रक्त. पोर रडत होतं म्हणून मला बरं वाटलं, गप्प असतं तर मी घाबरलो असतो. आधी त्याच्या बायकोला आणि पोराला जीपमधून दवाखान्यात पाठवलं, माझा हाताखालचा मुलगा जीप घेऊन गेला, मी गाडीपाशी थांबलो.

तो माणूस भयंकर चिडला होता, आणि साहजिक आहे. "दादा, ब्रेकच लागला नाही. स्टेअरिंग दगडासारखं झालं. आणि एवढी आपटली तरी एअरबॅग उघडली नाही, दोन एअरबॅगचे पैसे घेतात ना हे? मी केस टाकणार." मी काही बोललो नाही. मी दार उघडून आत वाकलो तर आत आरती चालू होती. टेपचा डिस्प्ले झगझगीत पेटलेला, आणि मीटर पूर्ण काळा. एकही दिवा नाही, ना इंजिनचा, ना ऑईलचा, ना एअरबॅगचा.

इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्याला एवढं दिसलं की बाकीचं कळायला लागतं. बॅटरी मेली असती तर टेप पण मेला असता. टेप चालू आणि मीटर बंद याचा अर्थ चावी ऑनवर नाही, एक घर मागे एसीसीवर आहे, जिथे इंजिन बंद आणि नुसता टेप चालतो. खाली बघितलं तर तसंच होतं. मला वाटलं आपटल्यावर यानेच घाईघाईत फिरवली असेल, म्हणून विचारलं, चावीला हात लावलात का? नाही म्हणाला. परत विचारलं. म्हणाला, "कसला हात, मी पोराला उचलून बाहेर पळालो." मग त्याची आई पाठून बोलली की वरती एक मोठा खड्डा गेला, गाडी धाडकन आदळली आणि त्याच्यानंतरच असं झालं.

मग मी चावीकडे नीट बघितलं. चावी कसली, जुडगा होता. गाडीची चावी, ठाण्याच्या फ्लॅटच्या तीन, ऑफिसच्या कपाटाची, मोटरसायकलची, कुठल्यातरी देवस्थानाचा पितळी गणपती, बाटली उघडायचं ओपनर, आणि गावच्या घराच्या मोठ्या दाराची ती जुनी लोखंडी चावी, वीतभर लांब, दांडीला गंज धरलेला. वर्षभर बंद असणारं घर, चावी हरवू नये म्हणून गाडीच्याच रिंगेत अडकवलेली. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या चाकरमान्यांच्या गाड्यांत हे असंच असतं, मी शंभरदा बघितलंय आणि खरं सांगायचं तर आधी शंभरदा काही बोललो नव्हतो.

गाडी टोचन करून गॅरेजला आणली. मुलाच्या ओठाला दोन टाके पडले, बाईंचं मनगट मुरगळलं होतं, हाड शाबूत, हे कळल्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला. मग मी त्या माणसाला म्हटलं, या, केस टाकायच्या आधी एक बघा. त्याला ड्रायव्हर सीटवर बसवलं, चावी ऑन केली, मीटरचे सगळे दिवे पेटले, एअरबॅगचा लाल दिवा पेटून पाच-सहा सेकंदांनी विझला, म्हणजे सिस्टीम चांगली होती. टेप लावला. आणि म्हटलं, आता उजवा गुडघा जरा उचला. गुडघा जुडग्याला लागला, जुडगा हलला, बारीक टक् असा आवाज आला आणि मीटर काळा. टेप चालूच. तो बघतच राहिला. परत केलं, परत तेच. तिसऱ्यांदा मी नुसता जुडगा वर उचलून सोडला, खड्ड्यात उडाल्यासारखा, तरी चावी मागे गेली.

शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर जुडगा ठेवला. ३८० ग्रॅम. नुसती रिमोटची चावी ४० ग्रॅमपण भरली नाही. हे एवढं वजन सहा वर्षं चावीच्या कुलपाला, म्हणजे बॅरलला, लोंबत होतं, प्रत्येक खड्ड्याला हिसका, आत ज्या खाचेत स्विच ऑनवर अडून राहतो ती खाच आणि तिच्यामागची स्प्रिंग झिजून गेली होती. बॅरल खोलल्यावर मी त्याला पितळेच्या पत्र्या दाखवल्या, कडा गोल झाल्या होत्या, बोटाला लागत पण नव्हत्या.

आता ब्रेक का लागला नाही ते. ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या ओढीवर म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद पडलं तरी बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरती ओढ शिल्लक असते. पण घाबरलेला माणूस पेडल पंप करतो, यांनी पण तेच केलं, तीन-चारदा दाबून सोडलं, शिल्लक होती ती संपली आणि मग पेडल लाकडासारखं झालं. अशा वेळी ब्रेक एकदाच दाबायचा आणि पूर्ण ताकदीने दाबूनच धरायचा, सोडायचा नाही, गेअर खालचा टाकायचा, हँडब्रेक हळूहळू ओढायचा. स्टेअरिंग जड होतं पण वळतं, दोन्ही हातांनी जोर लावला तर वळतं, फक्त चावी बाहेर काढायची नाही, काढली की स्टेअरिंग लॉक होतं आणि मग देवच. आमच्याकडे उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे आहेत, त्यांना मी हात जोडून सांगतो, नका करू.

आणि एअरबॅग. तिच्या कंट्रोल युनिटला करंट मिळतो तो चावी ऑनवर असताना. आत थोडा साठा असतो पण तो काही क्षणांचा, यांची गाडी चावी मागे गेल्यावर उतारावरून शंभर-एक मीटर तरी गेली असेल. म्हणजे गडग्यावर आपटली तेव्हा एअरबॅगवाली सिस्टीम झोपलेली होती. हे काही माझ्या डोक्यातलं नाही, अमेरिकेत २०१४ साली जनरल मोटर्सला याच कारणासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्यांच्या स्विचची स्प्रिंगच कमजोर होती, वजनदार किचेन किंवा गुडघा लागला की चावी एसीसीवर जायची, इंजिन बंद, स्टेअरिंग जड आणि एअरबॅग मेलेली. १२४ माणसांचे मृत्यू त्यात मान्य झाले. स्विच बदलून मिळेपर्यंत रिंगेतून सगळं काढा, नुसती चावी लावा, असं कंपनीनेच मालकांना सांगितलं होतं. मी ते तेव्हा वाचलं होतं आणि डोक्यात ठेवून दिलं होतं, त्या दिवशी समोर आलं.

इथपर्यंत तो माणूस ऐकत होता. मग मी विचारलं, पोरगा कुठे बसला होता? गप्प झाला. पाठची सीट अर्धी पाडून माटवीचं, म्हणजे गणपतीवरच्या मांडवाचं सामान, मखर, दोन पिशव्या तांदूळ, गॅसची शेगडी भरलेली, आजी कशीबशी कोपऱ्यात. म्हणून मुलगा पुढे आईच्या मांडीवर. आणि बेल्ट? बेल्टच्या खाचेत ती नुसती पत्र्याची क्लिप खोचलेली होती, टीं टीं वाजू नये म्हणून. मी ती काढून बाकड्यावर ठेवली. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन दुकानांना त्या विकणं बंद करायला लावलं, तरी लोकांकडे आहेत.

मी त्यांना डॅशबोर्डवर हात ठेवून दाखवलं, बॅग इथून येते. पापणी लवायच्या आत, सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या तीस-चाळीस भागांत पूर्ण फुगते, ताशी २०० किलोमीटरच्या वर वेगाने. ती मोठ्या माणसासाठी आहे, बेल्ट लावून मागे टेकून बसलेल्या माणसासाठी. मांडीवरच्या पोराचं डोकं बरोबर तिच्या तोंडावर येतं. बॅग आणि आईची छाती याच्यामध्ये पोर. चावी मागे गेली म्हणून ब्रेक गेला, गाडी आपटली, आणि चावी मागे गेली म्हणूनच बॅग उघडायचा प्रश्न आला नाही. हे बोलताना माझाच आवाज बसला. तो माणूस स्टूलवर बसला आणि चेहरा हातात धरून बराच वेळ तसाच होता. मी त्याला रागावलो नाही. गावाला जायच्या ओढीत घरचं सगळं भरून माणूस निघतो, पोर आईकडेच जास्त सुरक्षित असं सगळ्यांनाच वाटतं, माझ्या घरात पण माझी मुलं लहान असताना असंच मांडीवर बसवलंय. पण आईचे हात आपटताना पोराला धरू शकत नाहीत, कुणाचेच नाहीत. लहान मूल पाठी, त्याच्या सीटमध्ये, बेल्ट लावून. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा त्याची सीट नसेल तर कायद्यात हजार रुपये दंड पण आहे.

तेवढ्यात हाताखालचा मुलगा परत आला आणि उत्साहात स्टेअरिंगखालचा पिवळा कनेक्टर ओढायला गेला, टेस्टर हातात. मी ओरडलोच. पिवळी वायर, पिवळा कनेक्टर म्हणजे एअरबॅग, तिला टेस्टर लावायचा नाही, मल्टिमीटर लावायचा नाही, त्या बारीक करंटनेसुद्धा बॅग तोंडावर फुटू शकते. आधी चावी बंद, मग बॅटरीची मायनस काढायची आणि थांबायचं. काही गाड्यांना एक मिनिट सांगितलेलं असतं, काहींना तीन, मी दहा मिनिटं थांबतो, चहा घेतो, मगच हात घालतो. आमच्या किनाऱ्यावर एक वेगळी कटकट आहे, खाऱ्या हवेने सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला बुरशीसारखा हिरवट गंज धरतो आणि एअरबॅगचा दिवा पेटून राहतो. सीटखाली बाटल्या, छत्र्या कोंबल्या तरी वायर ओढली जाते. लोक येऊन सांगतात, दिवा तेवढा घालवून द्या. काही ठिकाणी घालवून देतात, दिवा दुसऱ्याच दिव्याला जोडून टाकतात किंवा बॅगच्या जागी रेझिस्टन्स बसवतात, गाडी विकायला बरी. जुनी गाडी घेताना चावी ऑन करून बघा, तो दिवा एकट्याने पेटून एकट्याने विझला पाहिजे. अजिबात पेटलाच नाही तरी ती गडबड आहे. हे काम माझ्याकडे कोणी कितीही पैसे देऊन सांगितलं तरी मी करत नाही.

त्यांना माझ्या जीपमधून सामानासकट घरी पाठवलं, संध्याकाळ झाली होती. त्याची सीट बघताना एक राहून गेलं होतं ते जाताना सांगितलं, की ते सीट फार पुढे घेऊन बसतात, स्टेअरिंगच्या मधल्या भागापासून छातीपर्यंत निदान २५ सेंटीमीटर, वीतभर आणि वर चार बोटं, एवढं अंतर पाहिजे. मान हलवली.

सात वाजता फोन वाजला. आजीच. "बाबू, घराची चावी तुझ्याकडेच ऱ्हवली मरे. आमी सगळे पडवेत बसलव." जुडगा माझ्या बाकड्यावर, बॅरलच्या शेजारी पडला होता. मी मोटरसायकल काढली, रेनकोट घातला आणि गेलो. पडवीत बॅटरीच्या उजेडात सगळे बसलेले, पोर झोपलेलं, ओठ सुजलेला, मखर पुठ्ठ्यात बांधलेलं तसंच. मी रिंग उघडून लोखंडी चावी वेगळी केली आणि त्या माणसाच्या हातात द्यायला गेलो तर आजीने मध्येच हात पुढे केला. "ही आता माझ्याकडेच ऱ्हवांदे." तिने स्वतः दार उघडलं, दोन्ही हातांनी चावी फिरवावी लागली तिला, मग चावी पदराच्या टोकाला बांधली, दोन गाठी मारल्या, आणि आत दिवा लावायला गेली.