महाराजांऐवजी दिवट्या

साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने ५ सप्टेंबर १८३९ ला गादीवरून काढलं. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवणं, नागपूरच्या पदच्युत भोसल्यांशी पत्रव्यवहार, असे आरोप होते. आरोप मान्य असल्याच्या कागदावर सही केली असती तर गादी राहिली असती. त्यांनी सही केली नाही. राजवाड्यातून रात्रीच त्यांना आधी लिंब गावी नेलं, पुढे काशीला. १८४७ मध्ये ते तिथेच वारले.

या एका रात्रीवर मला कादंबरी लिहायची होती. वरचं सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं, पण कादंबरीचं पहिलं वाक्य काही केल्या होईना.

‘महाराज उठून बसले’ एवढं लिहिलं तरी मनातला कारकून विचारायचा, कशावर? पलंगावर की बैठकीवर? समई होती की हंडी? अंगावर काय होतं? आणि हे तुला कोणी सांगितलं? दिवसभर खाडाखोड करून संध्याकाळी वही मिटायची. त्यातून आमचं गाव हे असं. मोती चौकात उभं राहून इतिहासाबद्दल एक वाक्य जरा मोठ्याने बोला, तिथल्या तिथे चार दुरुस्त्या मिळतात. यादोगोपाळ पेठेतल्या एका आजोबांनी तर मी अजून एक ओळही लिहिली नसताना, ‘आमच्या घराण्याचा उल्लेख नीट करा’ म्हणून सांगून ठेवलं होतं.

मग मी अभ्यासाला लागले. मोडी शिकले. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हात न उचलता लिहिलेली ओळ, शब्द कुठे तुटतो ते अंदाजाने ओळखायचं. मजा आली, खोटं कशाला बोलू. मग शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली कालगणना. इसवी सन काढायला त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण ते वर्ष मृगाला सुरू होतं. मग शिक्के, नाणी, पागोट्यांचे प्रकार. टिपणांच्या वह्या वाढत गेल्या आणि कादंबरी होती तिथेच. नणंद एकदा म्हणाली, “वहिनी, पीएचडी चाललीय का गोष्ट?” मला राग आला, पण ती बरोबर होती. टिपणं काढण्यात चुकायची भीती नसते, म्हणून तर ते इतकं गोड लागत होतं.

गाडी हलली ती कागदांमुळेच, पण मी समजत होते तशी नाही. कंपनीचा साताऱ्यातला प्रतिनिधी, रेसिडेंट ओव्हान्स, त्याच्या बाजूचे कागद वाचावेत तर सगळा कारभार शिस्तीत पार पडल्यासारखा वाटतो. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले, जवळजवळ चौदा वर्षं तिथे झगडले. त्या बाजूचं लिखाण वाचावं तर तोच प्रसंग निव्वळ अन्यायाचा. त्या काळात जिवंत असलेल्या, नावानिशी सही करणाऱ्या माणसांचं एकमेकांशी जुळत नव्हतं. मग एकशे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी मी सगळ्यांची बेरीज करून एकच खरी रात्र काढणार होते, ती कशाच्या जोरावर?

तेव्हा महाराजांच्या दालनातून मी बाहेर पडले आणि पालखीपुढे दिवटी, म्हणजे मशाल, धरून चालणारा एक माणूस घेतला, एक दिवट्या. कल्पित. त्याला मुंबईचा गव्हर्नर कारनॅक माहीत नाही, पोर्तुगीज माहीत नाहीत. पालखीत कोण आहे हेही त्याला थोडं चालल्यावर कळतं. त्याला जेवढं ठाऊक असेल तेवढंच मला ठाऊक असायला हवं होतं. ते मात्र पक्कं हवं, नाहीतर मग तोही खोटा.

दिवटी मी पुस्तकात शोधली आणि सापडली गोंधळात. नात्यातल्या एका लग्नानंतर जागरण-गोंधळ होता. गोंधळी मामांना म्हटलं, जरा हातात द्या. ते हसले, पण दिली. पहिल्यांदा जाणवलं ते तिचं वजन. मग धग. ती चेहऱ्यावर येईल असं मला वाटलं होतं, ती आली मनगटाच्या आतल्या बाजूला. वारा फिरला की धूर सरळ डोळ्यांत. मामा दुसऱ्या हाताने बुधलीतून तेल घालत होते आणि दर वेळी ज्योत आधी दबायची, मग भप्पकन वर यायची. “ताई, चिंधी घट्ट पायजे,” ते म्हणाले. “सैल ऱ्हायली की ठिणग्या उडत्यात, अन् तेलबी लई पितीया.” लिंबपर्यंत किती तेल लागेल विचारल्यावर त्यांनी मला वेड्यात काढलं. म्हणाले, एकट्यानं कोण जाईल, तेलाला मागं दुसरा माणूस लागणार. झालं, माझ्या दिवट्याला एक जोडीदार मिळाला. दोघं असल्यामुळे संवाद आला, संवादामुळे पहिलं प्रकरण आलं.

पंचांगाचं गणितही मांडून पाहिलं. श्रावण वद्य पक्ष, अमावास्या दोन-तीन दिवसांवर. म्हणजे चंद्राची कोर उगवणार ती पहाटे. रात्र अंधारी, हे कुणाच्याही साक्षीशिवाय पक्कं झालं आणि दिवटीवाल्याला एकदम किंमत आली. पाऊस होता का? तो मी पाडला नाही, नुसता चिखल ठेवला. सप्टेंबरात साताऱ्याकडे चिखल नसेल तरच नवल. पेटवायला काडेपेटी नाही. चकमक, गारगोटी, कापूस. ‘दोन वाजले’ असं कुणी म्हणायचं नाही, घटका आणि प्रहर. शिदोरीत भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी हाताला सवयीने येत होती, पण भुईमूग दक्षिण अमेरिकेतला पाहुणा. कारळ्याची चटणी केली. कारळा आपल्याकडचा जुना, आणि मला जास्त आवडतो. रस्त्यात गुलमोहर कुठेही ठेवला नाही, तो मूळचा मादागास्करचा.

(छायाचित्राची प्रक्रिया पॅरिसमध्ये जाहीर झाली १९ ऑगस्ट १८३९ ला, म्हणजे महाराजांना काढण्याच्या सतरा दिवस आधी. साताऱ्यात त्या रात्रीचा फोटो कुणी काढला असता तर माझी सुट्टीच झाली असती.)

शब्दांसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा फार आधार झाला. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची. बाजारात मिळते ती १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीवरची, तरी माझ्या रात्रीला ती पुरेशी जवळची आहे. एखादा शब्द फार आजचा वाटला की त्यात बघायचं. पण संवाद जुन्या पत्रांच्या भाषेत लिहायचा मोह मी आवरला. पत्रात ‘विनंती विशेष’ लिहिणारा माणूस घरी बायकोशी तसा बोलत नसणार. दिवट्या बोलतो ते आमच्याकडच्या वाडीवस्तीवर बोलतात तसंच.

सगळ्यात जास्त अडले ते वेण्णा नदीवर. साताऱ्याहून लिंबला जायचं म्हणजे वेण्णा ओलांडायचीच. पण त्या वाटेवर तेव्हा पूल होता, की पालखी पाण्यात उतरवावी लागली? बरेच दिवस यात गेले. शेवटी पहिलं प्रकरण मी नदीच्या अलीकडे संपवलं, पाण्याचा आवाज येऊ लागतो तिथे, आणि दुसरं पलीकडच्या चढावर सुरू केलं. वाचलेल्या दोघा-तिघांनी ‘काय जागेवर प्रकरण तोडलंय!’ म्हणून कौतुक केलं. मी मान डोलावली.

महाराजांच्या तोंडी काय घालायचं हा मात्र माहितीचा प्रश्न नव्हता, अदबीचा होता. होऊन गेलेल्या माणसाच्या मनात शिरून त्याचे विचार लिहायचे नाहीत, हे मी माझ्यापुरतं ठरवलं. कुणी शिरत असेल तर त्याचं त्याने पाहावं. माझ्या महाराजांना दोन प्रकरणांत एकच वाक्य आहे. तेही पालखीच्या पडद्याआडून येतं आणि दिवट्याला अर्धंच ऐकू येतं. पुढचं सगळं पुस्तक तो नि त्याचा जोडीदार त्या अर्ध्या वाक्यावरून भांडतात. पुस्तकाच्या शेवटी एक पान ठेवणार आहे: तारीख, आरोप, लिंब, काशी हे खरं, दिवट्या, त्याचा जोडीदार, ते वाक्य आणि चटणी माझी. यादोगोपाळ पेठेतल्या आजोबांनाही ते पान आधी दाखवीन.

आता प्रश्न पुढच्या प्रवासाचा आहे. काशीच्या वाटेवर महाराजांबरोबर निघालेले त्यांचे सेनापती बाळासाहेब वारले, आणि दिवट्याला तिथवर न्यायचं तर मुक्काम, नद्या, घाट, सगळं नव्याने पाहावं लागेल. ते होईपर्यंत त्याला लिंबलाच बसवलंय, बारा मोटेच्या विहिरीच्या काठावर. तिच्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ कोरलेला आहे, म्हणजे त्या रात्री विहीर जागेवर होती. तिथे तो कितीही वेळ बसला तरी माझी हरकत नाही.