कॅसेट लावायची कधी?

आशा भोसल्यांच्या निवडक मराठी गाण्यांची कॅसेट आमच्या घरी होती, पण ती लावायची कधी, हा प्रश्न काही सुटला नाही. बाकीच्यांच्या वेळा ठरलेल्या होत्या. भीमसेनांचे अभंग सकाळी, आंघोळीच्या गडबडीत. अरुण दाते संध्याकाळी, दिवेलागणीनंतर. आशाबाईंची कॅसेट सकाळी लावावी तर तिसऱ्याच गाण्याला ‘तरुण आहे रात्र अजुनी’ सुरू व्हायचं. मग वडील पेपर चेहऱ्यासमोर जरा वर धरायचे आणि आजी उगाचच दूध उतू जातंय का ते बघायला उठायची. संध्याकाळी लावावी तर ‘नाच रे मोरा’.

ही निवड करतं कोण, हे मला कायम गूढ वाटत आलं आहे. कव्हरवर कवी, संगीतकार, सगळ्यांची नावं. निवडणाऱ्याचं तेवढं नाही. पण त्या गृहस्थाचा मी ऋणी आहे. ‘केव्हातरी पहाटे’ कुठेही ऐकलं, अगदी लग्नाच्या हॉलवर, तरी ते संपलं की माझे कान पुढच्या ‘मलमली तारुण्य माझे’ची वाट बघतात. दोन्ही गाणी सुरेश भटांची, पण चाली वेगळ्या माणसांच्या. पहिली हृदयनाथांची, दुसरी सी. रामचंद्रांची.

एरवी निवडक गाण्यांच्या कॅसेटचा एक तोटा असतो. चार गाण्यांनंतर गायकाच्या लकबी पाठ होतात आणि पाचव्याला आपण भाजी निवडायला घेतो. आशाबाईंच्या बाबतीत ती सोय नाही. ‘नाच रे मोरा’ १९५३ च्या ‘देवबाप्पा’तलं. शब्द गदिमांचे, संगीत पुलंचं. तिथे आवाज अगदी सरळ, लहान मुलाच्या उंचीवर येऊन बोलल्यासारखा. पुढे १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’मध्ये त्याच गदिमांनी ‘बुगडी माझी सांडली गं’ लिहिली, संगीत वसंत पवारांचं. तिथल्या त्या ‘गं’कडे नीट कान द्या. बुगडी हरवल्याचं दुःख त्यात औषधालाही नाही! सांगणारी मनातून खूश आहे, हे त्या एका अक्षरात कळतं. आणि मग शांताबाई शेळक्यांचं ‘जिवलगा, राहिले रे दूर घर माझे’. ‘माथ्यावरचे जड झाले ओझे’ म्हणताना आवाज असा थकून येतो की ऐकणाऱ्यानेच पुढे होऊन ओझं उतरवून घ्यावं.

नाट्यपदांचा तर वेगळाच मामला. मास्टर दीनानाथ १९४२ साली गेले, तेव्हा आशाबाई आठ वर्षांच्या. वडिलांचं ‘युवती मना दारुण रण’ त्यांनी पुढे गायलं, त्यातल्या तानेचा झपाटा ऐकला की मघाची ओझं घेऊन चाललेली बाई हीच का, अशी शंका येते.

आता फोनवर सगळं कसं शिस्तीत आहे. भावगीतं एकीकडे, लावण्या दुसरीकडे, भक्तिगीतं तिसरीकडे, जणू सोवळ्या-ओवळ्याची भांडी. ‘पाऊस’ म्हटलं की ‘ये रे घना’ येतं आणि मागोमाग इतर गायकांचा पाऊसच पाऊस. वाईट काही नाही, फक्त दचकायला होत नाही. आणि आशाबाई ऐकायच्या तर थोडं दचकायला हवंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून मी माझी यादी स्वतःच केली. त्यात ‘पांडुरंगकांती’ संपलं रे संपलं की ‘बुगडी’ लागते. बहीण म्हणाली, “अरे, पाप लागेल!” मी काही बोललो नाही, पुढचं ‘युवती मना’ लागू दिलं. ते संपेपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, “यादी पाठव मला. पण ते ‘तरुण आहे रात्र’ जरा शेवटी टाक, सासूबाई असतात घरी.”