शंखातल्या खेकड्यांची मोठी टाकी: वाळू भरण्यापासून पहिल्या कातीपर्यंत

टाकी भरून झाली आणि आमचे चारही हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, आत आले आहेत. ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटरची काचेची टाकी आहे: ९१ सेंटिमीटर लांब, ४६ रुंद, ४१ उंच. खेकडे विकत आणलेले नाहीत. न्यू जर्सीतल्याच एका कुटुंबाला ते पुढे सांभाळणं शक्य नव्हतं, म्हणून आमच्याकडे आले. जात ‘सीनोबिटा क्लिपिएटस’, कॅरिबियन किनाऱ्यावरची, मोठी नांगी जांभळी. जर्सी शोअरच्या, म्हणजे इथल्या समुद्रकिनाऱ्याच्या, बोर्डवॉकवर (लाकडी फळ्यांच्या पायवाटेवर) उन्हाळ्यात तारेच्या पिंजऱ्यात, रंगवलेल्या शंखांत विकायला असतात ते हेच. पाळीव म्हणून मिळणारे जवळजवळ सगळे हर्मिट क्रॅब किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात. निसर्गात तीस वर्षांच्या वर जगू शकणारा हा जीव घरात येऊन काही महिन्यांत मरतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्याला हवं असतं ते देणं अवघड नसतं.

पहिली गरज दमट हवा. हे जमिनीवर राहतात तरी श्वास कल्ल्यांनीच घेतात आणि ते कल्ले ओले राहावे लागतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली राहिली की ते हळूहळू गुदमरतात. ही प्रक्रिया इतकी संथ असते की लोकांना वाटतं, खेकडा अचानक गेला. इथे थंडीत हीटर सुरू झाला की घरातली आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली येते, त्यामुळे जाळीचं झाकण आमच्या विचारातही नव्हतं. काचेची दोन सरकती झाकणं बसवली. रोज अन्न बदलताना ती उघडतात, तेवढी हवा खेळणं पुरतं.

आता वाळूबद्दल, कारण माझ्या मते अर्धी टाकी म्हणजे वाळूच. खेकडा कात टाकण्यासाठी स्वतःला पुरून घेतो. अंधारात, ओलसर भुयारात जुनं कवच उतरवतो, ते खाऊन त्यातलं कॅल्शियम परत मिळवतो आणि नवं कवच टणक होईपर्यंत तिथेच राहतो. लहानांचं काही आठवड्यांत उरकतं, मोठ्यांना महिनेही लागतात. वरवर पसरलेल्या वाळूत हे होऊच शकत नाही. सगळ्यात मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट आणि कमीत कमी १५ सेंटिमीटर, असा थर हवा. आम्ही २० ठेवला. मुलांच्या वाळूच्या खेळासाठी मिळते ती धुतलेली ‘प्ले सँड’, ५० पौंडांच्या पाच पिशव्या, म्हणजे नुसती वाळूच ११० किलोच्या वर. टाकी कुठल्याही टेबलावर ठेवण्याआधी हा हिशेब करा. आम्ही मत्स्यटाकीचंच लोखंडी स्टँड घेतलं.

प्रमाण पाच भाग वाळूला एक भाग नारळाचा भुसा. भुशाची वीट क्लोरीन काढलेल्या पाण्यात भिजवली, मोठ्या प्लास्टिकच्या टबात वाळूत कालवली आणि पाणी थोडं थोडं घालत गेलो. मूठभर घेऊन लाडूसारखा वळता आला पाहिजे आणि दाबल्यावर पाणी गळता कामा नये. मग त्यात बोट खुपसून पाहायचं. भोक तसंच उभं राहिलं तर भुयारही उभं राहील. कोरडी वाळू ओतताना मास्क लावा, ती धूळ फुप्फुसांना चांगली नाही. पाणी जास्त झालं तर ते तळाशी साचतं, तिथे प्राणवायू पोचत नाही, थर कुजतो आणि खाली निजलेला खेकडा त्यात सापडतो. म्हणून फवाऱ्याने वरून पाणी मारत राहण्याची सवय मला पटत नाही. वाळू नीट भिजलेली आणि झाकण नीट बसलेलं असेल तर ओल आपोआप टिकते.

उष्णतेचा पॅड टाकीखाली लावलेला नाही. तो मागच्या काचेवर, वाळूच्या पातळीच्या वर आहे, बाहेरून फोमचा पत्रा आणि सोबत थर्मोस्टॅट. खालून तापवलं तर पुरून घेतलेला खेकडा भाजून निघतो आणि वाळूही कोरडी पडते. आर्द्रतामापक डिजिटल घ्या, आणि त्याच्यावर विश्वास टाकण्याआधी मिठाची परीक्षा करा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम ओलं करायचं, मापकासोबत घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. आतली आर्द्रता ७५ टक्के होते. आमचा मापक ७१ दाखवत होता, म्हणून त्याच्या आकड्यात चार मिळवतो. तसा हिशेब धरून आज आत ८२ टक्के आणि २६.५ अंश सेल्सिअस आहे.

पाण्याची तळी दोन: एक गोडं, एक खारं. दोन्ही एवढी खोल की खेकडा पूर्ण बुडेल, आणि वर चढायला खडबडीत उतार. शंखात ते पाणी भरून ठेवतात आणि त्यातलं क्षाराचं प्रमाण स्वतः जुळवतात, म्हणून दोन्ही लागतातच. खाऱ्यासाठी मत्स्यटाकीचं समुद्री मीठ, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ अजिबात नाही. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (जंतू मारायला घालतात ते क्लोरीनचं संयुग) असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून उडून जात नाही, त्याला कंडिशनर, म्हणजे ते निकामी करणारं मत्स्यटाकीचं औषधच लागतं. दोन्ही तळ्यांत हवेच्या पंपाचे बुडबुडे सोडले आहेत, नळीला पाणी उलट पंपाकडे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे. पाणी ताजं राहतं आणि आर्द्रतेलाही हातभार लागतो.

शंख हा माझा आवडीचा भाग. चौघांपैकी तिघे रंगवलेल्या शंखांत आले होते. तो रंग पोपडे होऊन निघतो आणि पोटात जातो. पण खेकड्याला ओढून बाहेर काढायचं नाही; तो शंख सोडत नाही, फाटून मरतो. गोल तोंडाचे टर्बो शंख, मोठ्या नांगीपेक्षा किंचित मोठ्या तोंडाचे, उकळून थंड करून तळ्याजवळ मांडून ठेवले. धाकट्याने एका शंखाचं तोंड मिशांनी आणि पायांनी चाचपलं, आतली वाळू उकरली, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तो नव्या शंखात होता. त्याने टाकलेला शंख आम्ही लगेच काढून घेतला. दापोलीची आत्या हर्णैच्या किनाऱ्यावरचे शंख पाठवायला तयार होती. तिला नको म्हटलं. तिथला रिकामा शंख तिथल्याच एखाद्या खेकड्याचं पुढचं घर असतो, शिवाय भारतात काही समुद्री शंखांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

चढण्यासाठी कॉर्कची साल आणि काथ्याची दोरी. लपण्यासाठी उकळून वाळवलेल्या करवंट्या. देवदार किंवा पाइनचं चिकाळ लाकूड नको. खाण्यात इंडियन स्टोअरमधली बिनमिठाची सुकट, खोबरं, भाजून कुटलेली अंड्याची टरफलं, समुद्रफेनाचा तुकडा आणि ओकची वाळलेली पानं. दुकानातल्या तयार गोळ्या बंद केल्या. बऱ्याच गोळ्यांत इथॉक्सीक्विन हे परिरक्षक असतं, त्यापेक्षा हे ताजं अन्न मला बरं वाटतं, आणि खोबऱ्यावर तर चौघे रात्री अक्षरशः तुटून पडतात.

ऑक्टोबरच्या मध्यावर सगळ्यात मोठी मागच्या कोपऱ्यात वाळूखाली गेली. काचेलगत तिच्या भुयाराची एक कड दिसते, तिथे बाहेरून काळा कागद लावला आहे. उकरून पाहायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. अर्धवट टणक झालेला खेकडा हात लागल्याने मरू शकतो. कुजका वास नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही.

पुढची कामं: वाळूने उंची खाल्ल्यामुळे चढायला जागा कमी पडते आहे, म्हणून वर पारदर्शक ॲक्रिलिकचा ३० सेंटिमीटरचा मजला चढवायचा आहे. सांधे सिलिकॉनने बंद करावे लागतील, आणि त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत तो टाकीपासून दूर ठेवावा लागेल. उरलेले अन्नकण आणि बुरशी खाण्यासाठी स्प्रिंगटेल किडे सोडायचे आहेत. आणि मोठी वर येईल तेव्हा तिला आताचा शंख अपुरा पडणार, म्हणून ३५ ते ४० मिलिमीटर तोंडाचे टर्बो शोधतो आहोत.